आमच्या शेताची माती शाळेत गेली

शिमगा जवळ आला की मी शेतात जाते, वीतभर खड्डा उकरते आनि खालची चिमूटभर माती जिभेवर ठेवते. सासूनं शिकवलेलं. जमीन अजून खारी हाय का गोडी झाली ते जिभेला कळतं. लगेच थुंकायची न्हाय, वाईच धरून ठेवायची. जिभेच्या कडांना चरचरलं म्हनजे खार हाय. नुसती मातीसारखी लागली म्हनजे भात लावायला हरकत न्हाय.

या साली मी तशीच माती तोंडात घातली आनि मला कायच कळलं न्हाय. चरचर न्हाय, चव न्हाय. भिंतीचा पोपडा चघळल्यागत. मागच्या पावसाळ्यात मला ताप आलेला, लय दिवस हटला न्हाय, तवापासून जीभ मेलीय. घरात सुनेला वाटायचं, म्हातारी कालवनाला तोंड वाकडं करते. मला कोलंबी आनि वांगं येकच लागत व्हतं, त्याला ती काय करनार आनि मी तरी काय करनार.

नात संगती आलेली. नववीत हाय. ती बांधावर उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत व्हती.

"आजी, थुंकत का न्हायस? गिळलीस का काय?"

"गिळली असती तरी कळलं नसतं."

ती हसली, मग माझं तोंड बघून बांधावरून खाली उतरली. तिला जिभेचं सांगितलं तवाच. घरात बोलू नको म्हनून पन सांगितलं. कारन या साली माझ्या जिभेवर लय काय टांगलेलं व्हतं.

आमचं गाव उरनच्या बाजूला, खाडीवर. शेत खाजनात. म्हनजे जमीन भरतीच्या पान्यापेक्षा खाली, आनि मधी मातीचा बांध. बांध हाय तवर भात, बांध फुटला की समुद्र. नवरा गेला तवा माझा पोरगा रांगत व्हता. आठ म्हैने मी मिठागरावर जायची आनि पावसात शेत करायची. मिठाच्या टोपल्या डोक्यावर. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की पाय टाकवत न्हवता, पन पाय टाकल्याबिगर टोपली पोचत न्हवती. त्यात एका उधानाला बांध फुटला. भर दुपारी. सगळा गाव धावला, कोन गोनी घेऊन, कोन पेंढ्याचे भारे घेऊन. मी पोराला पाठीला बांधून चिखल दिला. तरी पानी आलंच. पुढची काही सालं त्या शेतात गवत पन धड उगवलं न्हाय. दर पावसाला पानी साठवायचं, सोडायचं, परत साठवायचं. असं धुवून धुवून जमीन गोडी केली. सासू चाखायची, मग मी चाखायला लागली. ज्या साली चरचरलं न्हाय त्या साली मी सासूला मिठी मारली. ती बोलली, "सोड गो, लोकं बघतील."

आता बांध दुसऱ्यांदा फुटला त्याला थोडीच सालं झाली. या खेपेला धावायला गावात कोन व्हतं? सगळी पोरं बंदरात ड्युटीला, न्हायतर ट्रेलरवर. माझा पोरगा पन ट्रेलरच चालवतो. आमी म्हातारी मानसं किती गोनी उचलनार? दोन पावसाळे खाडीचं पानी शेतात येत व्हतं जात व्हतं. मग सरकारी मशीन आली, बांध झाला. पन जमीन खारली ती खारलीच. खालच्या टोकाला खाडीतल्या चिखलात येतात ती तिवराची झाडं उगवायला लागली. तवापासून शेत पडून.

पडलेल्या शेतावर घारी फिरतात तसा एक मानूस फिरायला लागला. भराववाला. आमच्या इकडं त्यांची कमी न्हाय. शेतावर डोंगराची माती आनून टाकायची, दाबायची, वर कंटेनर उभे करायचे. मालकाला म्हैन्याचं भाडं. पोराला ते पटत व्हतं. पोरगा वाईट न्हाय. रात्रंदिवस गाडी चालवून त्याची कंबर गेलीय. तो बोलायचा, "आये, ती जमीन आता मिठागर झालीय. कुनासाठी धरून बसलीस?"

मी येकच बोलली, "भराव पडला की खालची जमीन परत दिसनार न्हाय. खार धुवून जातो. डोंगर धुवून जात न्हाय."

त्यावर त्यानं शब्द दिला, शिमग्याला तू चाखून बघ. गोडी लागली तर ठेवू, न्हाय तर त्याला हो सांगतो. आनि नेमकी त्याच साली माझी जीभ मेली. खोटं बोलता आलं असतं. पन खोट्या जिभेवर बियानं टाकलं आनि जळून गेलं, तर ते पोराच्या घामाचं.

तवा तिथं बांधावरच नात बोलली, "आजी, आपन शाळेत मोजू. म्याडमनी सांगितलंय, घरची माती आना."

शाळेत मशीन आलेली मला ठाऊक व्हतं. भिंतीवर टीव्हीसारखा मोठा फळा, त्यावर बोटानं लिहायचं. तो आला त्या दिवशी गावची मंडळी नारळ घेऊन गेली. एक म्हातारा तर फळ्यावरच नारळ फोडायला निघालेला, म्याडमनी धावत जाऊन त्याचा हात धरला. म्याडम घाटावरची, नवी. विज्ञान शिकवते. ती बोलली, "काका, पायरीवर फोडा, पायरीवर!" अजून पोरं तिला त्यावरून हसवतात.

त्या फळ्याबरोबर काही पाट्यांसारखे टॅब आले, आनि एक कांडी. थर्मामीटरसारखी दिसते. माती पान्यात ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या पान्यात कांडी बुडवायची. मग फळ्यावर एक रंगाची काठी उभी राहते. मीठ कमी तर बुटकी हिरवी, मीठ जास्त तर उंच लाल. नातीनं मला हे सगळं चुलीपाशी बसून सांगितलं, हातवारे करून. मी इचारलं, "कांडीला चव लागते?"

"चव न्हाय गो. मिठाच्या पान्यातून करंट जोरात जातो. तो मोजते."

मला सगळं कळलं न्हाय. पन कांडीला ताप येत न्हाय, एवढं कळलं.

तिनं दोन पिशव्या नेल्या. एकीत रस्त्याकडची, वरची माती. दुसरीत खाडीकडची, खालची. संध्याकाळी पोरगा घरी आला तो मोबाइल हातात घेऊनच. म्याडमनी वर्गाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकलेला. त्यानं माझ्यासमोर धरला. मला वाचता येत न्हाय, पन लाल रंग कळतो. आमच्या दोन्ही काठ्या लाल, सगळ्यात उंच.

"बघ आये. आता शाळेनंच सांगितलं. वरची पन खारी, खालची पन खारी."

 शब्द ठरलेला, आनि शाळेच्या काठीसमोर ठेवायला माझ्याकडं जीभ न्हवती. त्यानं तिथंच भराववाल्याला फोन लावला, रविवारी या म्हनून सांगितलं. सुनेनं ताटं वाढली. नात जेवली न्हाय, तोंड फिरवून झोपली. मी जेवली. न जेवल्यानं शेत राहत न्हाय, हे मला आधीच्या खेपेपासून ठाऊक हाय.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेतून आली ती पळतच. दप्तर खांद्यावरच.

"आजी, ते खोटं व्हतं! म्हनजे मशीन खरी, पन मोजलेलं खोटं!"

"दम घे. पानी पी."

"पान्याचीच तर गोष्ट हाय!"

मग तिनं सांगितलं ते असं. वर्गात एक पोरगा हाय, त्याची जमीन पार डोंगराच्या पायथ्याला. तिथं समुद्र कधी बापजन्मात आला न्हाय. त्याची पन काठी लाल आलेली. वर्ग हसायला लागला. "याच्या डोंगरावर भरती चढली!" "ये, तुझ्या वावरात खाडीतल्या निवट्या घावतात का रे?" तो बिचारा लाल झाला त्याच्या काठीसारखा.

म्याडमनी पोरांना हसू दिलं. मग बोलली, "हसून झालं? आता का ते सांगा."

पोरं आपली सांगायला लागली. कोन बोललं कांडी बिघडली. कोन बोललं त्याच्या आयसनं मातीत मिठाची बोटं लावली. म्याडमनी फळ्यावर बोट फिरवलं आनि सगळ्या काठ्या येळेप्रमानं रांगेत उभ्या केल्या. सकाळची पयली, मग तिच्या नंतरची. आनि सगळ्यांना दिसलं. जेवनाच्या सुट्टीपर्यंत कोन हिरवी, कोन पिवळी, कोन लाल, अशी सरमिसळ. सुट्टीनंतर सगळ्याच्या सगळ्या लाल, आमच्या दोन्ही त्यातच.

"सुट्टीत काय झालं?" म्याडमनी इचारलं.

 मग माझी नात उभी राहिली.

"म्याडम, मी क्यान भरला."

मोजायला म्याडम एक खास पानी वापरतात. त्यात मिठाचा कनभर पन अंश नसतो. गॅरेजवाले गाडीच्या बॅटरीत घालतात तेच. तो पांढरा क्यान सुट्टीत रिकामा व्हत आलेला. नातीनं बघितला, उचलला, नळावर नेला आनि काठोकाठ भरून ठेवला. शाळेचा नळ बोरिंगचा. आमच्याकडचं बोरिंग म्हनजे मचूळ, भांडी घासायला बरं, डाळ पन शिजत न्हाय त्यात.

"पण तू भरलास कशाला? कोणी सांगितलं?" म्याडमनी इचारलं.

"कोनी न्हाय. रिकामा दिसला म्हनून."

म्याडमला ते कळेना. घाटावर काय असंल ते असंल, पन आमच्याकडं प्यायचं पानी टँकरनं येतं, आनि आलं की भांडं हाताशी नसंल तर तो पुढं जातो. पोरगी चालायला लागली की तिला शिकवतात, रिकामं भांडं दिसलं की भर. हंडा असो, बादली असो, दुसऱ्याचं असो. नातीला ते मीच शिकवलं. वर्गातल्या बाकीच्या पोरी पन बोलायला लागल्या, "म्याडम, आमी पन भरला असता." "म्याडम, मी बघितला असता तर मीच भरला असता!"

म्याडम डोक्याला हात लावून हसली. बोलली, "चूक माझी. मी त्यावर लिहायला हवं होतं." मग तिनं त्या क्यानमधलं पानी पेल्यात घेतलं, माती न टाकता, आनि नुसती कांडी बुडवली. फळ्यावर काठी सर्रकन वर गेली, लाल.

"पान्यातच मीठ!" वर्ग ओरडला. हेडसर बघायला आले म्हनं, काय झालं म्हनून.

मला हसू आलं, मग बोटांवर दिवस मोजले. रविवार जवळ आलेला.

पोरगा घरी आल्यावर नातीनं त्याला सगळं सांगितलं. तो चपला काढत ऐकत व्हता. मग बोलला, "म्हनजे आता तुझ्या मनासारखं येईपर्यंत मोजत राहनार काय? काल लाल आलं, पानी खोटं. उद्या परत लाल आलं तर काय, कांडी खोटी?"

पोरीच्या डोळ्यात पानी आलं. पन मला त्याचं बोलनं रास्त वाटलं. मी पन मिठागरावर मोजनीवाल्याला असंच बोलायची.

"मग तूच ये," मी बोलली. "माती तू काढ. पानी तू आन. मोजताना तू उभा राहा. मग जे येईल ते येईल, मी तोंड उघडनार न्हाय."

त्यानं चपला भिंतीला लावल्या. "तू येशील?"

"मी पन येते."

शनिवारची अर्धी शाळा. पोरगा सकाळी फावडं घेऊन शेतात गेला. वरची, मधली आनि खालची अशी तीन ठिकानची माती घेतली, आनि पिशव्या स्वतःच्या हातानं बांधल्या. गॅरेजमधून बॅटरीच्या पान्याचा नवा क्यान आनला. नात हात लावायला गेली तर बोलला, "दूर. सील मी फोडनार." पोरगी बोलली, "बरं बाबा, तुमीच फोडा, मी बोट पन लावत न्हाय," आनि दोन्ही हात पाठीमागं धरून चालायला लागली, शाळेपर्यंत.

मी त्या शाळेत पयल्यांदा गेली. बाकड्यावर बसली. माझे पाय खाली टेकत व्हते तरी उगाच पोर झाल्यागत वाटलं. दुसरीत मला शाळेतून काढलेलं, धाकट्या भावाला सांभाळायला. पोरांनी माझ्यासाठी पंखा माझ्याकडं फिरवला. एक पोरगी बोलली, "आजी, फळ्याला हात लावून बघा ना." मी लावला. माझ्या बोटामागं एक निळी रेघ उमटली, वाकडी. मी हात मागं घेतला, बोलली, "पुसा गो, खराब झालं." सगळी हसली. म्याडमनी ती रेघ लगेच पुसली न्हाय, वाईच राहू दिली.

पोरानं सील फोडलं. म्याडम बोलली, "आधी नुसतं पाणी तपासूया. आता आम्ही रोज तेच करतो." कांडी पान्यात घातली. काठी जमिनीलाच चिकटून राहिली. पोरानं मान हलवली. मग मापानं माती, मापानं पानी, ढवळनं. आनि मग थांबनं. गाळ खाली बसायला येळ लागतो.  मी माझ्या हातांकडं बघत व्हती. मनात बोलत व्हती, लाल आली तर लाल. बांध फुटला तवा पन उभी राहिलीस, आता तर बाकड्यावर बसलीयेस.

पयली खालची माती. काठी वर, लाल. पोरानं माझ्याकडं बघितलं न्हाय.

मग मधली. काठी चढली, थांबली. पिवळी.

मग वरची. ती जरा चढली आनि तिथंच बसली. हिरवी. बुटकी, हिरवी.

नातीनं तोंडावर हात धरला. मी म्याडमला सांगितलं, "परत एकदा घाला." माझ्या पोरानं बोलायच्या आधी मीच बोलली. म्याडमनी कांडी धुतली, परत घातली. तीच हिरवी.

पोरगा म्याडमला बोलला, "म्हनजे वर भात येईल?"

म्याडम खरं बोलली. तिचं ते मला आवडलं. "दादा, मशीन एवढंच सांगते की आज मातीत मीठ किती आहे. पीक येईल का, ते नाही सांगत. ते कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि आजींना विचारा, त्यांनी हीच जमीन एकदा परत आणलीय ना?"

"आजी तर बोलतच न्हाय," पोरगा बोलला. "तिनं तोंड उघडायचं न्हाय असं ठरलंय."

"आता उघडते," मी बोलली. "खालची धुवायची. दोन पावसाळे, तीन पावसाळे. मधी खारात तग धरनारं लाल भात टाकून बघायचं. वर लावायचं."

आनि मग मी त्याला जिभेचं पन सांगितलं, सगळ्या वर्गासमोर. त्याला ठाऊकच न्हवतं. तो माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसला. मग बोलला, "आये, डॉक्टरला का न्हाय बोललीस?" मी बोलली, "डॉक्टर काय माती खानार हाय?" पोरं इतकी हसली की हेडसर परत आले.

रविवारी भराववाला आला. गाडी रस्त्यावर लावली, चकचकीत बूट घालून अंगनात बसला. सुनेनं चा दिला. पोरगा बोलला, "शेत देतो. लाल आली ती खालची बाजू देतो."

"खालची?" भराववाल्याचा पेला तोंडाशीच राहिला. "खालच्या चिखलात कंटेनर उभे करू? पोहत जातील काय? मला रस्त्याकडची पायजे, वरची. न्हायतर सगळी."

"वरची न्हाय."

"अरे, खारलेली जमीन ती. काय पिकवनार, मीठ?"

"वरची खारी न्हाय. मोजलीय."

"कोनी?"

पोरानं दाराकडं बोट केलं. दारात नात उभी. भराववाला हसला, मग पोराचं तोंड बघितलं आनि हसायचा थांबला. चा संपवून उठला. जाताना बोलला, "विचार बदलला तर फोन कर." पोरगा हो बोलला. पन त्याला घालवायला फाटकापर्यंत गेला न्हाय, तवा मला कळलं.

आता वरच्या बाजूला भात लावलाय. पोरानं चार दिवस गाडी बंद ठेवली. इतक्या सालांनी चिखलात उतरला तो पयल्याच फेरीला बसला धपकन, आनि सून हसून हसून रोपं टाकून बसली. मधल्या पट्ट्यात लाल भात हाय, तो कुठं बरा, कुठं पिवळा पडलाय. पिवळा पडलाय तिथं मी रोज जाऊन बघते, उपटत न्हाय. तग धरनारं धरंल. खाली पानी साठवलंय, ओहोटीला पोरगा उघाडी, म्हनजे बांधातलं पान्याचं दार, काढून सोडतो, परत भरतो. ट्रेलरवरून आला की आधी तिकडंच जातो, जेवायच्या आधी.

म्याडमनी नातीच्या वर्गाला सांगितलंय, या शेतांची माती दर साली मोजायची, दहावीची पोरं गेली की नववीची करतील. गावातली आनखी दोन-तीन घरं पिशव्या घेऊन शाळेत गेली. एकाची पार लाल आली, तो रागानं बोलला, तुमच्या मशीनला शिकवा आधी. पन पुढच्या साली परत आनतो बोलला.

काल पोरगा बांधावर उभा राहून खालच्या पान्याकडं बघत व्हता. तिवरांच्या मधी दोन बगळे. त्यानं नातीला हाक मारली.

"गो, खालची माती परत कधी लावनार कांडीला?"

"पाऊस सरू दे बाबा. मग."

"मला सांग आधी. क्यान मी आननार."